बँकांवरची रिसर्च सेवा: टार्गेट प्राइस बाजूला ठेवा, स्लिपेजचा तक्ता वाचा

फक्त बँकांच्या शेअरवर अहवाल देणारी एक सशुल्क रिसर्च सेवा मी गेले काही महिने वापरतेय. मधल्या काळात तिमाही निकाल येऊन गेले, अहवाल आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवून बघता आले, म्हणून आता सविस्तर लिहिते. पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. हप्ता थकला की खात्याचं पुढे काय होतं हे ठाऊक होतं. त्याचा शेअरच्या भावाशी संबंध कसा लागतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

पैसे वसूल झाले ते एका तक्त्यामुळे. प्रत्येक बँकेच्या अहवालात शेवटच्या पानांवर एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, हिशेब असतो: सुरुवातीची शिल्लक, नव्यानं थकीत झालेली कर्जं म्हणजे स्लिपेज, वसुली, नियमित झालेली खाती, निर्लेखन (म्हणजे वहीतून काढून टाकलेली कर्जं) आणि अखेरची शिल्लक. समजा सुरुवातीला 100 कोटींचा एनपीए होता. 60 कोटी नव्यानं थकले, 25 कोटी वसूल किंवा नियमित झाले, 55 कोटी निर्लेखित केले. अखेरीस उरले 80. बातमीत छापून येतं की एनपीए 20 टक्क्यांनी घटला. पण वसुलीच्या दुपटीहून जास्त कर्ज वर्षभरात नव्यानं बुडीत निघालं आणि त्याची झळ तरतुदींमधून, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून, नफ्याला लागली, हे फक्त त्या तक्त्यात दिसतं. हे आकडे बँका स्वतःच जाहीर करतात. पण सगळ्या बँकांचे, सलग तिमाहींचे, एकाच साच्यात मांडून मिळणं ही मोठी सोय आहे.

त्यातही शेतीकर्जाचं स्लिपेज वेगळं काढलेलं असतं. काही मोठ्या खासगी बँकांत किसान क्रेडिट कार्डाची थकबाकी जून आणि डिसेंबरच्या तिमाहीत वाढलेली दिसते. अहवाल बजावून सांगतो की जूनची तुलना मार्चशी करू नका, मागच्या जूनशी करा. ज्यानं हे लिहिलं त्यानं शाखेत बसून काम पाहिलेलं असणार, असं मला मनापासून वाटलं.

पुणेकर म्हणून मी सगळ्यात आधी बँक ऑफ महाराष्ट्रचा अहवाल उघडला. मुख्यालय इथलं, लोकमंगल, आणि आमच्या घरात पिढ्यानपिढ्या खाती. जून 2017 मध्ये ही बँक रिझर्व्ह बँक कमकुवत बँकांवर लावते त्या पीसीए निर्बंधांखाली गेली, जानेवारी 2019 मध्ये बाहेर आली. मार्च 2018 ला ढोबळ एनपीए, म्हणजे तरतुदी वजा न करता, एकूण कर्जाच्या 19 टक्क्यांच्या वर होता. मार्च 2025 ला तो 2 टक्क्यांच्याही खाली होता. एवढी उतरंड निर्लेखनानं किती आणि वसुलीनं किती, हे अहवालानं वर्षवार फोडून दाखवलंय. कासा ठेवींचं, म्हणजे बचत आणि चालू खात्यांचं, प्रमाण सरकारी बँकांत वरच्या पंक्तीत असल्यानं तिला पैसा स्वस्तात मिळतो, हाही धागा नीट जोडलाय.

व्याजदरांचं प्रकरणही चांगलं हाताळलंय. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, 6.50 टक्क्यांवरून 5.50 वर आला. गृहकर्जासारखी तरत्या दराची कर्जं ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी बांधलेली, त्यामुळे त्यांचं व्याज लवकर उतरतं. मुदत ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दरानं चालतात. मधल्या तिमाहींत मार्जिन, म्हणजे कर्जावरच्या आणि ठेवींवरच्या व्याजातला फरक, दबणार, हे बँकवार मांडलेलं होतं: जिची कर्जं रेपोशी जास्त बांधलेली, तिला चटका आधी.

माझ्या मावसभावानं हे चालू असतानाच विचारलं, "ताई, अमुक बँकेचा पीई फक्त सहा आहे, घेऊन टाकू?" पीई म्हणजे भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट आहे. मी त्याला अहवालातलं पुस्तकी मूल्याचं, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेचं, पान वाचायला दिलं. बँकेचा नफा एखाद्या तिमाहीत तरतुदी कमी झाल्यानंही फुगतो. म्हणून भाव पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे आणि मालमत्तेवरचा परतावा किती वर्षं टिकलाय, हे दोन्ही मिळून बघायचं. त्यानं शेअर घेतला नाही.

आता तक्रारी. टार्गेट प्राइस, म्हणजे शेअर कुठवर जाईल याचा अंदाज, निकालानंतर भावाच्या मागे धावते. शेअर वाढला की टार्गेट वाढतं, पडला की कमी होतं, आणि कारणांचा परिच्छेद जवळपास तोच राहतो. मी ते पान वाचणं सोडलंय. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे: ठेवींची बाजू अर्ध्या पानात उरकलेली असते. 1 जुलै 2023 ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण झालं, बँकेचं कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे ठेवींच्या तुलनेत दिलेली कर्जं, 110 टक्क्यांच्या आसपास गेलं आणि पुढे कितीतरी तिमाही सगळी चर्चा ठेवी कुठून येणार याचीच होती. एवढं ताजं उदाहरण समोर असताना ठेवींचा मुदतनिहाय तक्ता नसणं मला पटत नाही. तसा मेल केलाय, अजून उत्तर नाही.

ज्याला फक्त 'घ्या' किंवा 'विका' एवढंच हवंय, त्यानं ही सेवा घेऊ नये. ताळेबंद वाचायची तयारी असेल तर घ्यावी, पण कोणतीही सेवा घेण्याआधी नोंदणी क्रमांक सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, संकेतस्थळावर तपासावा. परताव्याची हमी देणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा, कारण नोंदणीकृत विश्लेषकाला तशी हमी देताच येत नाही. मी वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरतेय.