आयडी, एलिमेंट्स की फॉर्मडेटा? कळमन्याच्या क्रेट-नोंदणीवरून

संत्र्याच्या अंबिया बहाराच्या तोंडावर नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका ओळखीच्या अडत्याला क्रेट-नोंदणीचा फॉर्म करून दिला. शेतकऱ्याचं नाव, गाव, क्रेट, भाव, एकूण रक्कम आणि ‘गाडी पाठवायची का’ हा चेकबॉक्स. एवढे रकाने जावास्क्रिप्टने वाचायचे-बदलायचे तर वाटा तीन.

पहिली, गेटएलिमेंटबायआयडी: रकान्याला एचटीएमएलमध्ये दिलेली आयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळख, सांगून तो मिळवायचा. एकच रकाना हाताळायचा असेल तर दुसरीकडे बघूच नका. पण रकाने वाढले की तीच ओळ आयडी बदलून सहा वेळा लिहायची, आणि अडत्याने सातवा रकाना मागितला की स्क्रिप्ट परत उघडायची.

दुसरी, फॉर्मडेटा. अख्खा फॉर्म एका ओळीत हाती येतो, म्हणून सर्व्हरकडे पाठवायला मला हाच आवडतो. मात्र तो आयडीला विचारत नाही, नेम (रकान्याला दिलेलं नाव) पाहतो. नेम नसलेला रकाना गळतो. टिक न केलेला चेकबॉक्सही गळतो, ‘नाही’ असं उत्तर येतच नाही. मी भाव कुणी बदलू नये म्हणून तो रकाना डिसेबल्ड, म्हणजे पूर्ण बंद, केला होता. पहिल्याच दिवशी नोंदी आल्या, भाव एकातही नाही! रीडओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, केल्यावर आला. शिवाय फॉर्मडेटा ही झेरॉक्स आहे. तिच्यावर खाडाखोड केली तरी पडद्यावरचा रकाना जसाच्या तसा.

म्हणून बदल करायचे तर तिसरी वाट, फॉर्मचे एलिमेंट्स. नेम सांगा, रकाना हजर; वाचाही, लिहाही. रेडिओ बटणांचा तर अख्खा गट एका नावावर येतो. त्याची व्हॅल्यू बदलली की जुळणारं बटण आपसूक निवडलं जातं. फक्त बटणाला ‘सबमिट’ हे नेम देऊ नका, त्याच नावाची फॉर्मची मेथड (फॉर्म पाठवणारं फंक्शन) त्याखाली झाकली जाते.

सकाळी भाव स्क्रिप्टने भरला, तरी एकूण रक्कम कालचीच दिसत होती. स्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली तर इनपुट इव्हेंट, म्हणजे रकाना बदलल्याची सूचना, सुटत नाही; आयडीने बदला की एलिमेंट्सने. तो डिस्पॅचइव्हेंटने स्वतः सोडावा लागतो, नाहीतर बेरजेचं फंक्शन थेट बोलवा. तसंच व्हॅल्यू म्हणजे मजकूर: ४० क्रेटला ५ जोडले की ४०५. आधी नंबरमध्ये बदला.

आणि ते बदलणंही आपल्याकडे सरळ नाही. अडत्याचा मुनीम मोबाइलवर मराठी कीबोर्ड ठेवतो, क्रेट मराठी अंकांत लिहितो. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ते आकडे कळत नाहीत, उत्तर येतं नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’. आता क्रेटचा रकाना टेक्स्टचा आहे, इनपुटमोड न्यूमेरिक, म्हणजे मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड उघडावा. आणि हिशेबाआधी दहाही मराठी अंक इंग्रजी करणारी एक ओळ आहे. मुनीमजींना त्यातलं काही सांगितलेलं नाही.