तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला, तिथेच मी फसले

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला जमिनीवर बसले आणि उठताच येईना. सुनेने काखेत हात घालून उठवलं. त्याआधीच हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं होतं, झीज आहे, ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरवा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज करा. मी खट्टू होऊन घरी आले. एवढं दुखतंय आणि हे म्हणतात व्यायाम करा! पुढचं सगळं त्या नाराजीतून घडलं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका मुलाने पत्रक हातात दिलं. ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बरी, झिजलेली गादी (सांध्यातली कूर्चा) पुन्हा भरून येते, तपासणी मोफत. शिबीर भरलं होतं एका देवळाच्या सभागृहात. देवळाची जागा, म्हणून शंकाही आली नाही.

तिथे हातात एक धातूची दांडी धरायला दिली. दांडीची वायर लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात पडद्यावर आलं, डाव्या गुडघ्यात गादी 38 टक्के शिल्लक. पांढऱ्या कोटातल्या माणसाने माझ्या गुडघ्याला हात लावला नाही, मला चार पावलं चालवून पाहिलं नाही. "आई, अजून सहा महिने थांबलात तर खुर्चीला खिळाल," एवढंच म्हणाला. सहा महिन्यांच्या कोर्सचे 48,000, आज नाव घातलं तर 36,000. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून 18,000 भरले. पैसे कुठल्या संस्थेच्या नाही, एका माणसाच्या नावावर गेले. पावती मागितली तर "कोर्स पुरा झाल्यावर एकदम देतो". पिशवीत तेलाची बाटली आणि तपकिरी पुड्या होत्या. पुड्यांवर ना नाव, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना परवाना क्रमांक.

आणि तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. देवळाच्या पायऱ्या मी कठड्याला न धरता चढले. भूक लागायला लागली, अंगात तरतरी आली. त्याच आनंदात साखळीला फोन करून थोरल्या बहिणीला, आमच्या माईला, सांगितलं. माईला मधुमेह आहे. तिने गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला मिळणारे 2,000 रुपये साठवले होते, त्यातून पहिला हप्ता भरला. माझे 18,000 गेले त्याचं मला फारसं काही वाटत नाही. माईला मी तिकडे पाठवलं, हे मात्र मनातून जात नाही.

दीड महिन्यात माईचा चेहरा सुजून गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, बाय, तब्येत सुधारली. घरच्या यंत्रावर साखर 340 दाखवत होती. आम्ही शिबिरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, विष बाहेर पडतंय. मग पुड्या संपल्या आणि त्याचा फोन कायमचा बंद झाला. चार दिवसांत माईला उलट्या सुरू झाल्या, उभी राहिली की चक्कर, रक्तदाब खाली. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावं लागलं. सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, फार कमी निघालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "कुठल्या पुड्या घेत होता का?"

असल्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं, कधी जोडीला वेदनाशामकही, असं त्यांनी समजावलं. दुखणं भराभर उतरतं ते त्यामुळे. गादी तसूभरही भरत नाही. झिजलेली कूर्चा परत उगवेल अशी पुडी किंवा तेल अजून कुणाकडे नाही. उलट साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं सोडून देतं. म्हणून कुणाच्या घरी अशी पुडी महिनोन् महिने चालू असेल, तर ती एका दिवसात बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक तोडण्यातही जिवाला धोका असतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. फिजिओथेरपिस्टने मला उताणं झोपवून पाय आत-बाहेर फिरवला, तशी जांघेत कळ आली. गुडघ्याइतकाच खुबाही झिजलेला आहे आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं. त्या दांडीला हे कुठून कळणार?

आता मी तोच व्यायाम करते जो आधी नाकारला होता. खुर्चीवर बसून पाय सरळ ताणून धरायचा, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं, कुशीवर झोपून पाय वर उचलायचा. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता; अडीच महिन्यांनी बाजारापर्यंत चालत जाऊ लागले. वजन 4 किलो उतरलं. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी हलका होतो, हे कळल्यावर रात्रीचा भात आपोआप कमी झाला. काठी मी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरते. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावते; खुबा खोल असल्याने तिथे ते पोचत नाही.

संधिवात बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. माझ्याकडे पत्रक होतं, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट होता आणि दोन पुड्या उरल्या होत्या. पत्रक आणि पुड्या बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या, पोलिसांतही तक्रार केली. तुमच्याकडेही असं काही असेल तर लाजेने फेकून देऊ नका. मी महिनाभर लाजेने गप्प बसले, आणि तेवढ्यात त्याच माणसाची पत्रकं पेडण्यात वाटली गेली.

माईला डॉक्टर आता स्टिरॉइडच्याच गोळ्या मोजून देतात आणि दर भेटीत थोड्या कमी करतात. परवा तिने फोनवर विचारलं, "तुझा तो पाय उचलायचा व्यायाम, दिवसातून किती वेळा?"