‘एलियन ३’ : पहिल्यांदा कोणती आवृत्ती पाहावी?

दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांचा हा पहिला चित्रपट प्रथमच पाहणाऱ्यापुढे दोन पर्याय असतात : १९९२ची, सुमारे ११४ मिनिटांची चित्रपटगृहातली आवृत्ती आणि २००३मध्ये डीव्हीडीवर आलेली, अर्ध्या तासाने मोठी आवृत्ती. पहिली वेगवान असली, तरी गोलिक हा वेडसर कैदी तिच्यात मध्येच नाहीसा होतो. दुसरीच्या जुळणीत फिंचर नव्हते. तरीही तिच्यात तोच गोलिक कोंडलेल्या परग्रहावरच्या हिंस्र प्राण्याला मोकळे सोडतो आणि पुढच्या संहाराला कारण मिळते. ओसाड किनाऱ्यावर निपचित पडलेली नायिका रिप्ली तुरुंगाच्या डॉक्टरला सापडते, ते दृश्यही इथेच आहे आणि केवळ त्यासाठी मी ही आवृत्ती निवडेन. शेवट सांगणे योग्य नव्हे, पण तो इथे अधिक शांत आहे.