मॉर्गनटाउनची पीआरटी: आठ महिने रोज बसल्यावर

मी मूळचा कराडचा. ऑगस्टमध्ये एम.एस.साठी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॉर्गनटाउनला आलो. मोनोंगहेला नदीकाठचं, सगळं चढ-उताराचं गाव. तेव्हापासून आठवड्याचे पाच दिवस वॉलनट ते इंजिनिअरिंग या स्टेशनांमध्ये पीआरटीने ये-जा करतोय. पीआरटी म्हणजे पर्सनल रॅपिड ट्रान्झिट, स्वतंत्र मार्गावरून धावणाऱ्या विद्यापीठाच्या छोट्या बिनड्रायव्हरच्या गाड्या. हिवाळाही काढून झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी हिरमोडच झाला. बिनड्रायव्हरची गाडी म्हटल्यावर मनात काहीतरी चकचकीत होतं आणि समोर आला निळा-पिवळा चौकोनी डबा. बसायला ८ जागा, बाकीचे दांडा धरून उभे, सगळे मिळून २० जण. ही गाडी १९७५ पासून लोकांना नेतेय. म्हणजे माझ्या वडिलांनी एसटीच्या लाल डब्यातून शाळा गाठली, तेव्हा इथली पोरं संगणकाने चालवलेल्या गाडीत बसत होती!

पण ड्रायव्हर नसणं हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. खरी गंमत आहे ती गाडी कधी सुटते आणि कुठे थांबत नाही यात. फाटकाशी विद्यापीठाचं कार्ड लावायचं (आम्हाला फुकट, इतरांना ५० सेंट) आणि जायच्या स्टेशनचं बटण दाबायचं. गर्दी नसताना बटण दाबलं की साधारण ५ मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात त्याच स्टेशनला जाणारे १५ जण जमले तर गाडी लगेच सुटते. नाही जमले तरी वेळ संपली की एकट्यालाही घेऊन निघते. आपल्याकडचं वडाप आठवा. 'एकच शीट, एकच शीट' करत अर्धा तास बसवून ठेवणारं. हे तेच वडाप, फक्त त्याच्या हातात घड्याळ बांधलंय. गर्दीच्या वेळी ठरावीक वेळाने गाड्या सुटतात आणि अगदी शुकशुकाट असला की बससारखी प्रत्येक स्टेशन घेत जाते.

दुसरं म्हणजे स्टेशनं मुख्य मार्गावर नाहीत, बाजूच्या फाट्यावर आहेत. त्यामुळे माझी गाडी बीचहर्स्टला न थांबता सरळ पुढे जाते. एकूण पाच स्टेशनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १२ मिनिटं.

या न थांबण्याचा फटकाही मी खाल्लाय. सप्टेंबरात मित्राशी बोलता बोलता पुढच्या टॉवर्स स्टेशनच्या गाडीत चढलो. इंजिनिअरिंग डोळ्यांदेखत मागे गेलं. घंटी मारायला कंडक्टर नाही, 'अहो, उतरायचंय' म्हणावं तर ऐकणार कोण? टॉवर्सला उतरून परत आलो, तोवर तासिकेची दहा मिनिटं गेलेली.

बर्फाच्या दिवसांत मात्र ही गाडी फार उपयोगी पडली. काँक्रीटच्या मार्गात नळ्या घातल्यात, त्यातून ग्लायकॉल मिसळलेलं गरम पाणी फिरवून बर्फ वितळवतात. पर्यावरणाचं बोलायचं तर इथेच मेख आहे. गाडी विजेवर, रबरी चाकांवर चालते, रस्त्यात धूर नाही. पण मार्ग तापवायला बॉयलर लागतात आणि या राज्यातली वीज बहुतेक कोळशाचीच. तरीही या अरुंद रस्त्यांवर आम्ही सगळे मोटारी घेऊन उतरलो असतो तर काय झालं असतं, हे फुटबॉल सामन्याच्या दिवशी दिसतं.

तोटे: रविवारी बंद, त्यामुळे किराण्यासाठी कुणाची तरी गाडी बघायची. शिवाय खर्च. बोइंगने बांधलेल्या पहिल्या टप्प्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वर गेला होता. पुढे यंत्रणा जुनी होत गेली, बिघाड वाढले आणि नूतनीकरण हाती घ्यावं लागलं.

बाबांनी मध्यंतरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या पॉड टॅक्सीची, म्हणजे तशाच छोट्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांची बातमी पाठवली. सुमारे ८.८ किलोमीटर, ३८ स्थानकं, ६ जणांची गाडी. 'तुझ्यासारखंच,' असं खाली लिहिलेलं. तसं नाही, बाबा. इथे तास सुटल्यावर २० जणांची गाडीही भरून जाते आणि पुढच्या गाडीसाठी रांग लागते. संध्याकाळी सहाला वांद्रे स्टेशनकडे निघालेली गर्दी सहा-सहाच्या घासाने किती वेळात संपेल, ते आधी कुणीतरी मांडून दाखवायला हवं.

इथे शिकायला येणार असाल तर घर स्टेशनजवळ बघा. आणि एकदा पायी जाऊन बघाच. नकाशावर पाच मिनिटं दिसतात, चढ दिसत नाही.