फिजिओथेरपीचा दवाखाना : चार तारे, एक जिन्यापायी कापला

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे पाचला सात किलो कणीक मळायची, हा रोजचा नेम. दिवाळीनंतर एकदा पिठाचा डबा उचलायला वाकले आणि कंबरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली. शेजारीण म्हणाली, "सरकली गादी!" नऊशेचा पट्टा आणला, तो आता कपाटात आहे.

मग या दवाखान्यात गेले. मॅडमनी आधी विचारलं, लघवीवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का? तसं असतं तर तडक हॉस्पिटलला पाठवलं असतं म्हणाल्या. मग प्लास्टिकचा मणका माझ्या हातात दिला. अशा गाद्या 23, आणि त्या सरकत नाहीत, वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट धरून असतात. आत मऊ गर, भोवती चिवट कडं. मी म्हटलं, म्हणजे पुरणपोळीच की, कड फाटली की पुरण बाहेर! "अगदी तेच, काकू. ते पुरण नसेला लागलं की पायात कळ." बरेचदा शरीर ते हळूहळू जिरवूनही टाकतं म्हणे. आणि कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या शंभर जणांचे एमआरआय काढले, तरी साठेक जणांची गादी फुगलेली दिसते. हे ऐकून माझी अर्धी भीती तिथेच गेली.

रात्री गादी पाणी पिऊन फुगते, म्हणून उठल्या उठल्या वाकायचं नाही. खरं वाटेना. नातवाने दाराच्या चौकटीवर सकाळ-संध्याकाळ पेन्सिलने माझ्या उंचीच्या खुणा केल्या, सेंटीमीटरभर फरक! आता कणीक सहाला, ओट्यावर, उभ्याने.

पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम रोज करते. पायातली कळ आधी पोटरीत, मग ढुंगणात आली. मला वाटलं वाढलं, मॅडम म्हणाल्या हे चांगलं लक्षण. सहा आठवड्यांत आठ वेळा गेले, दर खेपेला पाचशे. करंटच्या मशीनचे वेगळे दोनशे घेतात, त्याने बरं वाटतं ते घरी पोचेपर्यंतच. मी बंद केलं, मॅडमना रागही आला नाही.

तक्रार एकच. कंबरेचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा! कठडा फक्त उजवीकडे आहे. संध्याकाळी सातनंतर गर्दी कमी असते.