जुन्या डिझेल इंजिनाला गिअर रिडक्शन सेल्फ

चार सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा मूळ सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) काढून मी गिअर रिडक्शनचा बसवला आणि तो मला मनापासून आवडला. जुन्यात पिनियन, म्हणजे इंजिनाला फिरवणारं छोटं दातेरी चाक, थेट आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या) शाफ्टवर असतो, म्हणून जोर हवा तर मोटारच मोठी लागते. नव्यात मोटार लहान, पण भरधाव फिरणारी. आतले गिअर तो वेग साधारण चौथाईवर आणतात आणि जोर वाढवतात. वजन कितीतरी कमी झालं, बॅटरीवरचा ताणही. गारठलेलं इंजिन आता झपकन फिरतं. डिझेलला तेच हवं, कारण फिरणं मंद पडलं की सिलिंडरमधली हवा पुरेशी तापत नाही आणि नुसता पांढरा धूर येत राहतो.

खोक्यावरचा किलोवॅटचा आकडा मी सर्वांत शेवटी पाहिला. आधी जुन्या पिनियनचे दात मोजले, दातांची जाडी जुळवली, फिरण्याची दिशा पाहिली, आणि फ्लँजपासून (सेल्फ इंजिनाला बोल्टने बसतो ती कडा) पिनियनच्या टोकापर्यंतचं अंतर कॅलिपरने घेतलं. हे अंतर चुकलं तर पिनियन रिंगवर (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्यावर) अर्धवट बसतो किंवा घासत राहतो, मग सेल्फ कितीही ताकदवान असो. ‘दिसायला सारखाच आहे’ एवढ्यावर कोणी घेऊ नये, हे अगदी कळकळीने सांगतो. सेल्फ बाहेर असतानाच इंजिन हाताने पूर्ण फिरवून रिंगचे सगळे दात बघावेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागी थांबतं, झीज तिथेच असते.

खरेदीच्या आधी मल्टिमीटर मात्र लावाच. सेल्फ मारताना बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त व्होल्टेज पडत असेल, तर दोष केबलचा. अर्थच्या बाजूनेही तसंच पाहावं. फ्लँजखालचा रंग आणि गंज खरवडून काढावा, करंट तिथूनच परततो. आर्मेचर आणि फील्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणारी तारेची वेटोळी) धड असतील तर कार्बन ब्रश (आर्मेचरला करंट पोचवणारे) आणि बुश (शाफ्टला आधार देणारे) बदलून जुना सेल्फही छान चालतो.

तक्रार एकच: सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलणारा विजेवरचा स्विच) ऑइल फिल्टरच्या फार जवळ येतो. फ्लँज फिरवून बसवता येणारा प्रकार घेतला म्हणून निभावलं. नव्या सेल्फमध्ये फील्ड कॉइलऐवजी चुंबक असतील तर अडकल्यावर हातोडीने ठोकायची जुनी सवय सोडावी लागेल, चुंबक तडकतात.