स्मार्ट बॅटरी चार्जर: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. चार्जर चांगला आहे, ठेवणार आहे. पण खोक्यावर 'लावा आणि विसरा' असं ठसठशीत छापलंय, ते फार मनावर घेऊ नका.

माझा चार्जर १२ व्होल्टचा, ४ अ‍ॅम्पिअरचा, लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठीचा. दुचाकी, कार, एजीएम (अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बंद बॅटरी) आणि रिकंडिशन (जुन्या, सल्फेट धरलेल्या बॅटरीला सुधारायचा प्रयत्न) असे चार मोड. घेण्याचं कारण साधं: गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. उभी गाडीही बॅटरी खातच असते. अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक मिळून ४० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे अगदी नेहमीचा आकडा. दिवसाला साधारण १ एएच (अ‍ॅम्पिअर-तास, बॅटरीतला साठा मोजायचं माप). तीन आठवड्यांत ४५ एएचची बॅटरी जवळपास अर्धी होते, आणि अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात. मग ती नंतर कितीही चार्ज करा, पूर्वीसारखा दम राहत नाही.

सुरुवातीला मी मल्टिमीटर घेऊन त्याच्या मागेच लागलो होतो. बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे अर्ध्याच्याही खाली. चार्जर लावल्यावर आकडा लगेच तेराच्या आसपास गेला, मग कूर्मगतीने १४.४ पर्यंत चढला आणि तिथेच ठाण मांडून बसला. इथून पुढे व्होल्टेज तेवढाच राहतो, करंट कमी होत जातो. हिरवा दिवा लागला तेव्हा मीटरवर १३.६ होते. यालाच फ्लोट म्हणतात: बॅटरी भरलेली ठेवायची, पण उकळवायची नाही. माझ्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरला हे जमायचं नाही. त्याचा करंटचा काटा खाली यायचा, पण तो स्वतःहून कधी थांबायचा नाही, आणि बंद करायला उशीर झाला की सेल खदखदलेले ऐकू यायचे. त्या मानाने हा फारच गुणी. चिमटे उलटे लागले तर नुसता लाल दिवा लागतो, करंट जातच नाही. चिमटे एकमेकांना टेकले तरी ठिणगी नाही.

आता खरी गोष्ट. या चार्जरला दोन चिमट्यांमधला व्होल्टेज दिसतो आणि जाणारा करंट दिसतो. बस. बॅटरी किती एएचची, कुठल्या जातीची, तिच्यातलं पाणी कुठवर उतरलंय, जागा बंद आहे की हवेशीर, प्लग ढिला आहे का, यातलं त्याला काहीही कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

सगळ्यात चांगला दाखला म्हणजे एक सेल शॉर्ट झालेली बॅटरी. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. १४.४ व्होल्ट सहांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला २.४ येतात, हे ठीक. एक सेल मेला की तेच १४.४ पाचांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी २.८८. चार्जरच्या हिशेबाने सगळं आलबेल, आणि आत पाच सेल जास्त चार्ज होऊन तापतायत. काही चार्जर बराच वेळ झाला की थकून एरर दाखवतात, पण तोवर बॅटरी चांगलीच गरम झालेली असते. म्हणून चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने मी बॅटरीच्या बाजूला हात लावून बघतो. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, डबा फुगलेला दिसत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर भिंतीवरचं बटण बंद करायचं, जागा उघडी करायची आणि ती बॅटरी गार होईपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी असतो.

चिमटे लावायच्या क्रमाबद्दल माहितीपुस्तिकेत चार ओळी आहेत, कारण मात्र कुठेच नाही. चार्जिंग करताना, विशेषतः शेवटी शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेटायला एक ठिणगी पुरते. 'मेंटेनन्स-फ्री' लिहिलेल्या बॅटरीलाही वायू सुटायला भोक असतंच. ठिणगी पडते ती जोडणी करताना किंवा तोडताना, म्हणून शेवटची जोडणी बॅटरीपासून लांब करायची. आधी लाल चिमटा प्लसला. मग काळा बॅटरीच्या मायनसला नाही, तर इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, इंधनाच्या नळीपासून दूर. रंग लावलेला भाग नको, तिथे संपर्क येत नाही. सगळ्यात शेवटी भिंतीवरचं बटण. काढताना उलट: आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीत आला-गेला करंट मोजणारा सेन्सर असतो. काळा चिमटा बॉडीला लावला की गेलेला करंट त्या सेन्सरच्याही हिशेबात येतो, हा वरचा फायदा. बॅटरी बाहेर काढून चार्ज करत असाल तर अर्थातच काळा चिमटा थेट मायनसला.

हातातली अंगठी आणि धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण पाना किंवा अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये अडकली तर शेकडो अ‍ॅम्पिअर वाहतात आणि बोट भाजायला क्षणही लागत नाही. इथे चार्जरचं संरक्षण काही कामाचं नाही, कारण तो करंट चार्जरमधून येतच नाही, सरळ बॅटरीतून येतो.

वीजपुरवठ्याची बाजू लोक फार हलक्यात घेतात. हा चार्जर २३० व्होल्टवर अर्धा अ‍ॅम्पिअरसुद्धा ओढत नाही, त्यामुळे त्याच्या एकट्याने प्लग तापायचं कारण नाही. भानगड होते ती एक्स्टेन्शन बोर्डावर. माझ्या बोर्डावर चार्जरशेजारीच गाडी साफ करायचा व्हॅक्यूम क्लीनर लागायचा. एकदा प्लग उपसला तर त्या सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं, आणि पिनही काळवंडलेली. आतली पत्ती ढिली पडली की असंच होतं. तो बोर्ड मी फेकून दिला. आता चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लागतो. एक्स्टेन्शन वापरावंच लागलं तर वायर गुंडाळीवरून पूर्ण उलगडून घ्या. जड उपकरण चालवताना गुंडाळी आतून तापते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचं आरसीसीबी असेल तर उत्तमच, पण ते करंटची गळती पकडतं. ढिला, तापणारा प्लग त्याला दिसत नाही. चार्जरवर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलेलं असतं ते डब्यासाठी. प्लग आणि सॉकेट भिजले तर त्या आकड्याचा उपयोग शून्य.

मोडचं थोडक्यात. करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असला की बॅटरी सुखात राहते. ५ एएचच्या दुचाकीच्या बॅटरीला ४ अ‍ॅम्पिअर म्हणजे छळ, तिथे दुचाकीचाच मोड. एजीएम मोड थोडा वरच्या व्होल्टेजचा असतो, तो साध्या बॅटरीला लावू नये. रिकंडिशनमध्ये व्होल्टेज १५.८ पर्यंत जातो. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला तो सोसेल याची खात्री नसते, म्हणून बॅटरी गाडीपासून सोडवल्याशिवाय तो मोड नको, आणि बंद जागेत तर नकोच. मेलेली बॅटरी त्याने जिवंत होईल अशी आशाही ठेवू नका.

तक्रारी दोन. पहिली, मध्येच वीज गेली आणि परत आली की हा सरळ पहिल्या, म्हणजे दुचाकीच्या मोडवर येतो. सकाळी बघावं तर कारची बॅटरी थेंबथेंब करंटवर बसलेली. नुकसान काही नाही, पण काम होत नाही. दुसरी, पार उतरलेल्या बॅटरीला हा बॅटरी मानतच नाही, लुकलुकत बसतो. बॅटरी आहे की नाही हे तो व्होल्टेजवरूनच ठरवतो, त्यामुळे यात तर्क आहे, पण नेमकी गरज असते तेव्हा चिडचिड होते. अशा वेळी काही लोक दुसरी बॅटरी जोडून त्याला फसवतात. मी ते करत नाही. इतकी उतरलेली बॅटरी आधी तपासून घेतलेली बरी.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या जेमतेम बुडतील एवढं आधी घाला. अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. डोळे झाकणारा संरक्षक चष्मा लावला तर ही वेळ सहसा येत नाही.

विचारणारे असतात म्हणून लिहितो: इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटरच्या लिथियम पॅकला हा चार्जर चालत नाही. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या पॅकमध्ये १३ सेल एकापाठोपाठ असतात आणि त्याचा चार्जर ५४.६ व्होल्टवर थांबतो, म्हणून पॅकसोबत आलेलाच चार्जर वापरायचा. पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही. तो पॅक बाहेर पडायच्या वाटेवर किंवा सगळे झोपलेले असताना चार्ज करू नये, पडून डबा दबलेला असेल तर मुळीच नको. लेड-अ‍ॅसिड बिघडली तर बहुतेक वेळा आधी तापते, वास येतो. लिथियम पेटलं तर पळायलाही फार वेळ मिळत नाही.

दुचाकीसाठी घेणार असाल तर सोबत रिंग टर्मिनलवाली, फ्यूज असलेली वायरही घ्या. ती बॅटरीला एकदा कायमची कसून टाकली की सीट उघडून त्या अरुंद जागेत चिमटे घुसवावे लागत नाहीत, आणि जोडणी बॅटरीपासून हातभर लांब होते. फ्यूज प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ आहे ना, एवढं घेताना बघा. वायर मध्येच कुठे घासली तर तोच उडायला हवा.